अर्ध्या कागदावरचें धोरण

१९०५ सालच्या जानेवारी महिन्यांत इंग्लंडचे मुख्य प्रधान आर्थर जेम्स बाल्फोर मँचेस्टर शहरीं एका सभेंत बोलावयास उभे राहिले. मँचेस्टरचा पूर्व विभाग हा त्यांचा स्वतःचा मतदारसंघ. १८८५ पासून तेथील मतदारांनीं त्यांनाच सतत पार्लमेंटांत पाठविलें होतें. पण या खेपेस मतदारांच्या मनांत दीड वर्षापासून एक प्रश्न घोळत होता : परदेशी धान्यावर व मालावर जकात बसवावी कीं बसवूं नये? याविषयीं मुख्य प्रधानांचें मत काय, हें त्यांच्या पक्षांतील लोकांनाहि छातीठोकपणें सांगतां येत नव्हतें, आणि विरोधी पक्ष तर त्यांना मतच नाहीं असें उघड बोलत होता. तेव्हां बाल्फोरसाहेबांनीं, आपलें धोरण पत्राच्या अर्ध्या कागदावर मावण्याजोगें आहे असें सांगून तें सभेपुढें मांडलें. इंग्लंडच्या राजकारणांत तो अर्धा कागद पुढें म्हणीसारखा झाला. त्यावर काय होतें यापेक्षां काय नव्हतें, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

बाल्फोर हें नांव आपल्याकडे बहुधा पॅलेस्टाईनविषयींच्या १९१७ च्या जाहीरनाम्यामुळें ठाऊक असतें. लॉर्ड सॅलिसबरी यांचे हे भाचे, आणि मामांच्या मागून १९०२ च्या जुलैंत मुख्य प्रधान झालेले. तत्त्वज्ञानाचा त्यांचा व्यासंग खरा होता. १८७९ सालीं त्यांनीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच्या नांवाचा अर्थच मुळीं 'तात्त्विक संशयाचें समर्थन' असा होतो. ग्रंथकाराला शोभणारा हा गुण मुख्य प्रधानाला कितपत मानवला, तें पुढें दिसेलच.

प्रश्न जुना होता. १८४६ सालीं रॉबर्ट पील यांनीं परदेशी धान्यावरील जकात काढून टाकण्याचा कायदा मंजूर करून घेतला. ही जकात जमीनदाराच्या फायद्याची आणि मजुराच्या पोटावर पाय आणणारी, अशी तिच्याविरुद्ध जी चळवळ उठली तिचें माहेर मँचेस्टर. कॉबडेन आणि ब्राइट हे तिचे धुरीण. त्या विजयाचें स्मारक म्हणून शहरानें जें विशाल सभागृह बांधलें त्याला नांवच 'खुल्या व्यापाराचें सभागृह' असें दिलें. देवाचें नाहीं, राजाचें नाहीं, तर एका आर्थिक सिद्धांताचें नांव मिरविणारी दुसरी अशी वास्तु माझ्या तरी ऐकिवांत नाहीं. परंतु त्याच कायद्यानें पील यांचा हुजूरपक्ष दुभंगला, आणि १८७४ पर्यंत त्या पक्षाला स्वतःचें बहुमत म्हणून पुन्हां मिळालें नाहीं. बाल्फोर यांच्या मनांतून पीलची ही आठवण कधींच गेली नाहीं. त्यांच्या पुढील साऱ्या वागणुकीची किल्ली येथें आहे, असें मला वाटतें.

या मिटलेल्या प्रश्नाला पुन्हां तोंड फोडलें तें त्यांच्याच प्रधानमंडळांतील वसाहतमंत्र्यांनीं. १५ मे १९०३ रोजीं जोसेफ चेंबरलेन यांनीं बर्मिंगहॅम येथें भाषण करून, साम्राज्यांतील वसाहतींच्या मालाला सवलत द्यावी आणि त्यासाठीं परक्यांच्या मालावर जकात बसवावी, अशी हांक दिली. चेंबरलेन हे स्क्रूच्या कारखान्यावर श्रीमंत झालेले गृहस्थ, बोलणें रोखठोक. त्याच वर्षीं ६ ऑक्टोबरला ग्लासगो येथें त्यांनीं आंकडेच मांडले : परदेशी गव्हावर दर क्वार्टरला दोन शिलिंग, मांस व दूधदुभतें यांवर शेंकडा ५, पक्क्या मालावर सरासरी शेंकडा १०. उलट चहावरील जकात तीन-चतुर्थांशानें आणि साखरेवरील निम्म्यानें कमी करावयाची. मका आणि डुकराचें खारवलेलें मांस त्यांनीं जकातींतून वगळलें, कारण तें अगदीं गरिबांचें अन्न. चेंबरलेन यांचें म्हणणें पटो वा न पटो. त्यांच्याशीं वाद तरी घालतां येत होता.

श्रोतेहो, या दोन शिलिंगांचा हिशेब आपण जरा करून पाहूं. क्वार्टर म्हणजे सुमारें ४८० पौंड गहूं, आणि दोन शिलिंग म्हणजे चोवीस पेन्स. तेव्हां चार पौंडी पावामागें हा बोजा पेनीच्या पांचव्या हिश्शाच्या आसपास येतो. नोव्हेंबरांत बर्मिंगहॅमच्या एका सभेंत चेंबरलेन यांनीं दोन पाव लोकांपुढें धरले आणि जकात देऊन झालेला लहान पाव यांतला कोणता तें ओळखा, असें आव्हान दिलें. फरक डोळ्यांना जवळजवळ दिसतच नव्हता. मग एवढा गहजब कां? याचें उत्तर त्या काळच्या मजुराच्या घरांत पाहावें लागतें. सीबोम राउंट्री यांनीं १९०१ सालीं यॉर्क शहराची पाहणी प्रसिद्ध केली. नुसतें शरीर धड राखावयाचें म्हटलें तरी पांच माणसांच्या कुटुंबास आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा त्यांनीं हिशेब मांडला, आणि शहरांतील सुमारें शेंकडा २८ माणसें दारिद्र्यांत असल्याचें दाखविलें. ज्या घरांत मुख्य अन्नच पाव, त्या घरांत पेनीचा पांचवा हिस्सा हा अर्थशास्त्राचा अपूर्णांक नसतो. शिवाय आज दोन शिलिंग म्हणणारा उद्यां पांच म्हणणार नाहीं याची हमी कोण देणार?

पण दुसरी बाजूहि खोटी नव्हती. मजूर जसा खाणारा आहे तसा कमावणाराहि आहे. कामच नसेल तर स्वस्त पाव काय उपयोगाचा, असें चेंबरलेन विचारीत. १८९० सालीं अमेरिकेनें जबर जकात बसवितांच दक्षिण वेल्समधील कथिलाच्या पत्र्याच्या धंद्यावर जी अवकळा आली, ती तेथील कामगार विसरले नव्हते. बर्मिंगहॅमच्या धातुकामाला जर्मन व अमेरिकन मालाची स्पर्धा जाचत होती. उलट मँचेस्टरच्या भोंवतालचा लँकेशायर प्रांत कापूस सारा बाहेरून आणी आणि कापड बहुतांशी बाहेरच विकी. त्याला जकातींच्या भिंती म्हणजे मरणच. तेव्हां 'मजुराचें हित' असें एकवचनांत बोलणेंच मुळीं फसवें होतें. बर्मिंगहॅमच्या मजुराचें हित निराळें, मँचेस्टरच्या विणकराचें निराळें, आणि दोघांच्याहि बायकांना बाजारांत पाव मात्र एकाच भावानें घ्यावयाचा. अशा वेळीं जो उमेदवार मोघम बोलतो त्याचें बोलणें बर्मिंगहॅमांत 'होय' असें ऐकूं जातें आणि मँचेस्टरांत 'नाहीं' असें ऐकूं जातें. मोघमपणाची सोय आहे ती ही.

आतां बाल्फोर यांनीं काय केलें तें पाहूं. १९०३ च्या जूनमध्यें कॉमन्स सभेंत ते म्हणाले कीं, या प्रश्नावर माझें मत अद्याप पक्कें झालेलें नाहीं, आणि तें झालें आहे असें सोंग करणें माझ्या कर्तव्याला शोभणार नाहीं. एखाद्या प्राध्यापकानें असें म्हटलें असतें तर आपण त्याची पाठ थोपटली असती. सप्टेंबरांत त्यांनीं 'इंग्लंडचा एकाकी खुला व्यापार' या विषयावर एक आर्थिक टिपण छापलें. आपण दारें उघडीं ठेवावीं आणि इतर राष्ट्रांनीं तीं बंद करावीं, असें असतां हातांत कांहींच शस्त्र नसणें हें शहाणपणाचें नव्हे. वाटाघाटींत जशास तसें वागण्याची मोकळीक सरकारला असली पाहिजे, असें त्याचें सार. हें म्हणणें पोरकट खास नव्हतें. खुल्या व्यापाराच्या अभिमान्यांनीं त्याची जी नुसती टवाळी केली ती मला न्याय्य वाटत नाहीं.

पण त्याच महिन्यांत प्रधानमंडळांत जें घडलें तें टिपणापेक्षां अधिक बोलकें आहे. चेंबरलेन यांनीं आपल्या मताचा प्रचार मोकळेपणानें करतां यावा म्हणून राजीनामा देऊं केला होता. ही गोष्ट १४ सप्टेंबरच्या बैठकींत मुख्य प्रधानांनीं स्पष्ट सांगितली नाहीं. जकातवादी बाहेर पडत आहेत हें ठाऊक नसतांनाच अर्थमंत्री रिची, भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन आणि बर्लेचे लॉर्ड बाल्फोर हे खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते प्रधानमंडळांतून बाहेर पडले. ऑक्टोबरांत ड्यूक ऑफ डेव्हनशर हेहि गेले. अर्थखातें कोणाला मिळालें? चेंबरलेन यांचे चिरंजीव ऑस्टेन यांना. दोन्ही टोकें छाटून मध्य राखण्याची ही करामत कुशल होती यांत संशय नाहीं. पण चिरंजीवांना तिजोरीच्या किल्ल्या मिळाल्यावर हा मध्य कोणत्या बाजूला कललेला आहे, असें मतदारानें विचारलें तर तें वावगें कसें म्हणावें?

१ ऑक्टोबर १९०३ रोजीं शेफील्ड येथें बाल्फोर यांनीं जशास तसें या तत्त्वाचा जाहीर स्वीकार केला. धान्यावरील जकातीचा प्रश्न मात्र सध्यां व्यवहार्य राजकारणाच्या कक्षेंत नाहीं, कारण देशाचें मत तिला अनुकूल नाहीं, असें सांगितलें. हें वाक्य नीट ऐकावें. लोक काय म्हणतात तें यांत आहे; स्वतः वक्ता काय म्हणतो तें नाहीं. मतदाराने 'तुमचें मत काय' असें विचारावें आणि उमेदवारानें 'तुमचें मत अजून तयार नाहीं' असें उत्तर द्यावें, असा हा प्रकार. पुढें १९०४ च्या ऑक्टोबरांत एडिंबरा येथें आणखी एक पायरी बांधण्यांत आली : आधीं एक निवडणूक, मग वसाहतींची परिषद, मग तिच्या ठरावांवर दुसरी निवडणूक. म्हणजे ज्याला पावाचा भाव विचारावयाचा त्यानें दोन निवडणुका थांबावें. आणि मग आला तो मँचेस्टरचा अर्धा कागद. वाटाघाटींत सरकारला मोकळीक हवी. परदेशी कारखानदारांनीं जकातींच्या आडोशानें आपला शिलकी माल पडत्या भावानें येथें आणून ओतूं नये. वसाहतींशीं व्यापारी ऐक्य वाढावें. आणि देशी धंद्याच्या सोयीसाठीं किंमती चढविण्याचा हेतु नाहीं. एकेक वाक्य सरळ आहे. पण वसाहती मुख्यतः धान्य व मांसच पाठविणार, तेव्हां परक्यांच्या धान्यावर जकात बसविल्यावांचून त्यांना सवलत ती कसली देणार, या एका प्रश्नाला त्या कागदावर जागा उरली नव्हती.

त्याच सालच्या मार्चमध्यें विरोधकांनीं कॉमन्स सभेंत या विषयावर ठराव आणले. बाजूनें मत दिलें तर चेंबरलेन यांचे अनुयायी बिथरणार, विरुद्ध दिलें तर खुल्या व्यापाराचे. तेव्हां मुख्य प्रधान आपल्या अनुयायांसह सभागृहांतून उठून गेले. ठराव विरोधाशिवाय संमत झाले! याच्या आधींच, १९०४ च्या मेमध्यें, विन्स्टन चर्चिल नांवाचा एक तरुण सभासद या प्रश्नावर हुजूरपक्ष सोडून समोरच्या बांकांवर जाऊन बसला होता, आणि मँचेस्टरच्याच वायव्य विभागांतून उभें राहण्याची तयारी करीत होता.

येथवर आपण मजुराचें नांव घेऊन इतरांनींच काय म्हटलें तें पाहिलें. मजुराला स्वतःला काय विचारावयाचें होतें? त्याच्या मनांत पावाच्या जोडीला एक दुसरें शल्य होतें. दक्षिण वेल्समधील टॅफ व्हेल रेल्वेवर १९०० सालीं संप झाला. कंपनीनें नोकरांच्या संघावरच दावा लावला, आणि १९०१ च्या जुलैंत लॉर्डांच्या सभेनें न्यायासन या नात्यानें निकाल दिला कीं, संपामुळें झालेल्या नुकसानीबद्दल संघाचा निधि जबाबदार धरतां येतो. संघाला २३,००० पौंड भरपाई भरावी लागली. आजारी कामगारांसाठीं, म्हाताऱ्यांसाठीं आठवड्याच्या पेन्सांतून साठविलेला तो पैसा. यापुढें संप करणें म्हणजे संघाची थैली मालकाच्या दारांत नेऊन ठेवणें, असा त्याचा अर्थ झाला. आणि या बाबतींत मुख्य प्रधानांनीं काय केलें? १९०३ सालीं एक शाही कमिशन नेमलें. त्यांत मजूर संघांचा एकहि प्रतिनिधि घेतला नाहीं, म्हणून संघांनीं त्यावर बहिष्कार घातला, आणि कमिशनचा अहवाल येण्यापूर्वीं बाल्फोर यांचें सरकार गेलेंहि. त्यांतच दक्षिण आफ्रिकेंतील सोन्याच्या खाणींसाठीं करारानें बांधलेले चिनी मजूर आणण्यास सरकारनें १९०४ सालीं परवानगी दिली. पुढें त्यांची संख्या साठ हजारांवर गेली. स्वस्त आणि बांधील मजूर हवासा वाटणारें सरकार आपल्या मजुरीचें काय रक्षण करणार, असें इंग्लंडमधील कामगार म्हणूं लागला. चिनी मजुरांच्या हालांबद्दल त्याला किती कळवळा होता आणि स्पर्धेची भीति किती होती, याची वाटणी करणें अवघड आहे.

संदिग्धपणाचें पाप एका पक्षानेंच केलें असें मात्र नाहीं. १३ ऑक्टोबर १९०५ रोजीं खुल्या व्यापाराच्या त्याच सभागृहांत उदारमतवादी पक्षाच्या सभेंत दोन तरुणी उभ्या राहिल्या. एक ख्रिस्ताबेल पँखर्स्ट, दुसरी अ‍ॅनी केनी. ही दुसरी वयाच्या दहाव्या वर्षापासून कापसाच्या गिरणींत काम करीत आलेली. तुमचें सरकार आलें तर स्त्रियांना मताधिकार देईल काय, एवढाच त्यांचा प्रश्न. सर एडवर्ड ग्रे यांनीं उत्तर दिलें नाहीं; त्या दोघींना सभेबाहेर काढण्यांत आलें. लँकेशायरच्या गिरण्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियाच अधिक होत्या. पावाच्या भावाचा ज्यांच्याशीं सर्वांत जवळचा संबंध, त्यांना त्या पावावर मत देण्याचा अधिकारच नव्हता.

लँकेशायरच्या या खुल्या व्यापाराच्या निष्ठेचा आपल्या देशालाहि अनुभव आहे, आणि तो सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. लँकेशायरचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक हिंदुस्थान. १८९६ सालीं येथें येणाऱ्या विलायती कापडावर सरकारनें उत्पन्नासाठीं शेंकडा साडेतीन जकात ठेवली. तेव्हां ती आपल्याला जाचक होऊं नये म्हणून मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांच्या कापडावरहि तेवढाच कर बसवावा, हें लँकेशायरच्या आग्रहानें घडलें, आणि तें खुल्या व्यापाराच्या पवित्र नांवानें घडलें. चेंबरलेन यांच्या योजनेविषयीं लॉर्ड कर्झन यांच्या सरकारनें १९०३ च्या ऑक्टोबरांत जो खलिता धाडला, त्यांत हिंदुस्थानाला या योजनेंत मिळण्याजोगें थोडें आणि गमावण्याजोगें पुष्कळ आहे, असें मत दिलें होतें. परंतु मँचेस्टरच्या सभांतून या बाजूची चर्चा करण्यास सवड कोणाला होती! देशी कापडावरील तो कर १९२५ च्या डिसेंबरपर्यंत टिकला. त्या वर्षीं मुंबईच्या मालकांनीं मजुरींत शेंकडा साडेअकरा कपात जाहीर केली, गिरणी कामगारांनीं दीर्घ संप केला, आणि कर तहकूब झाला तेव्हां ती कपातहि मागें घेण्यांत आली. जकातीचा आंकडा आणि कामगाराच्या घरांतील चूल यांच्यामध्यें किती थोडें अंतर असतें, हें परळ-लालबागच्या माणसांना मँचेस्टरच्या माणसांइतकेंच कळलें होतें.

आतां निवडणूक. बाल्फोर यांनीं ४ डिसेंबर १९०५ रोजीं राजीनामा दिला. उदारमतवादी आपसांत भांडतील आणि त्यांना सरकार बनवितां येणार नाहीं, असा त्यांचा अंदाज होता, तो चुकला. कँबेल-बॅनरमन मुख्य प्रधान झाले आणि जानेवारींत मतदान सुरू झालें. भिंतींवर मोठा पाव आणि लहान पाव यांचीं चित्रें लागलीं. १३ जानेवारी १९०६ रोजीं मँचेस्टरचें मतदान झालें. पूर्व विभागांत बाल्फोर यांच्यासमोर हॉरिज नांवाचे वकील उभे होते. त्यांचें नांव आज कोणाला आठवत नाहीं. वीस वर्षें त्या विभागाचे प्रतिनिधि असलेले, महिन्यापूर्वीं मुख्य प्रधान असलेले बाल्फोर सुमारें दोन हजार मतांनीं पडले. मँचेस्टर व शेजारचें सॅलफर्ड मिळून नऊ जागा. त्या नऊपैकीं एकहि हुजूरपक्षाला मिळाली नाहीं. त्यांतील दोन मजूर उमेदवारांना मिळाल्या, आणि त्यांपैकीं एक, क्लाइन्स, लहानपणीं ओल्डहॅमच्या गिरणींत राबलेला होता. साऱ्या देशांत उदारमतवादी चारशेंच्या घरांत गेले, हुजूरपक्ष दीडशेंच्या थोडा वर उरला, आणि मजूर प्रतिनिधि समितीचे २९ सभासद निवडून आले. याच निवडणुकींत आपले दादाभाई नौरोजी, वयाचीं ऐंशी वर्षें उलटल्यावर, लंडनच्या उत्तर लँबेथ विभागांतून उभे राहिले होते. त्यांना यश आलें नाहीं.

मजुरांनीं बाल्फोर यांना पाडलें तें केवळ पावासाठीं, असें म्हणणें मला धाडसाचें वाटतें. टॅफ व्हेल होतें, चिनी मजूर होते, १९०२ च्या शिक्षणाच्या कायद्यावर रागावलेले धर्मपंथी होते, आणि वीस वर्षें जवळजवळ एकाच पक्षाच्या राज्याचा कंटाळाहि होता. पण एवढें खरें कीं, स्पष्ट बोलणाऱ्या चेंबरलेन यांचें बर्मिंगहॅम त्या लाटेंतहि ढळलें नाहीं. तेथल्या साऱ्या जागा त्यांच्याच पक्षाला मिळाल्या. त्यांना मत देणाऱ्या कामगाराला आपण कशाला मत देत आहों हें ठाऊक होतें, आणि त्यांच्या विरुद्ध मत देणारालाहि ठाऊक होतें.

निवडणूक हरल्यावर महिन्याभरांत गंमत झाली. लंडन शहराच्या सुरक्षित जागेवरून बाल्फोर पुन्हां पार्लमेंटांत येण्याच्या खटपटींत होते, आणि पक्षाचें पुढारीपण टिकवावयाचें तर चेंबरलेन यांच्याशीं जुळवून घेणें प्राप्त होतें. १४ फेब्रुवारी १९०६ रोजीं दोघांमध्यें पत्रव्यवहार झाला. परक्या मालावर माफक सरसकट जकात आणि परदेशी धान्यावर लहानशी जकात बसविणें तत्त्वतः आक्षेपार्ह नाहीं, असें बाल्फोर यांनीं त्यांत लिहून दिलें. पावणेतीन वर्षें मतदार जें विचारीत होते त्याचें उत्तर तें हेंच. फक्त मतदान संपल्यावर मिळालें.

नव्या सरकारनें १९०६ सालींच कायदा करून टॅफ व्हेलचा निकाल रद्द केला आणि संपाबद्दल संघांवर दावा लावण्याची वाट बंद केली. बाल्फोर यांनीं १९१० च्या निवडणुकींत पुन्हां एकदां, जकातीचा प्रश्न स्वतंत्र सार्वमताला लावूं, असें वचन दिलें. त्या निवडणुकींतहि पक्षाला सत्ता मिळाली नाहीं आणि पुढच्या वर्षीं त्यांनीं पुढारीपण सोडलें. इंग्लंडांत सरसकट जकात आली ती १९३२ सालीं, बेकारांची संख्या पंचवीस लाखांच्या वर गेली असतां. ती मांडणारे अर्थमंत्री नेव्हिल हे जोसेफ चेंबरलेन यांचे धाकटे चिरंजीव; बाल्फोर यांना जाऊन तेव्हां दोन वर्षें होत आलीं होतीं.